लोकरीचं थर्मल धुतल्यावर बिघडलं? आटणं, ताठरणं, भोकं, वास: दोष शोधायची रीत

साताऱ्यात लोकरी कपड्यांची धुलाई आणि रफू हे माझं रोजचं काम आहे. थंडी सरली की, आणि मे-जूनमध्ये हिमालयातले ट्रेक उरकून मंडळी परतली की, दुकानात एकच वाक्य ऐकू येतं: "ताई, एकदाच धुतलं आणि हे असं झालं." आमचा जिल्हा फौजेतल्या माणसांचा. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं इथली. त्यामुळे लेह-लडाखकडून सुट्टीवर आलेल्या जवानांची थर्मलही, म्हणजे थंडीत आत अंगालगत घालायचे उबदार कपडेही, येतात आणि पहाटे यवतेश्वर घाटात धावणाऱ्यांचीही. कपडे वेगवेगळे, पण दोष तेच तेच.

घरी तपासता यावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगते. पहिल्या धुण्यात जेवढी थर्मल वाया जातात, त्याहून जास्त दुसऱ्या धुण्यात जातात. आटलं म्हणून पुन्हा गरम पाण्यात घालून ओढायचं, वास येतो म्हणून पुन्हा पावडरीत भिजवायचं, या घाईत सुधारण्याजोगा कपडाही हातचा जातो. म्हणून दोष ओळखू येईपर्यंत कपड्याला पाणी लावू नका.

आधी लक्षणं

कपडा उजेडात सपाट पसरा आणि यातलं काय दिसतं ते बघा.

- लांबी-रुंदी कमी झाली आहे, कापड जाड आणि ताठ लागतं, विणीचे टाके वेगळे दिसत नाहीत.
- लांबी कमी झाली आहे, पण कापड मऊ आहे आणि टाके स्पष्ट दिसतात. बऱ्याचदा रुंदी थोडी वाढलेली असते.
- उलट झालं आहे: बाह्या गुडघ्याकडे निघाल्यात, गळा लोंबतो, खांद्यावर चिमट्यांची टोकं उठली आहेत.
- माप तेच आहे, पण अंगाला खरखरीत लागतं, किंवा हाताला चिकट, मेणचट लागतं. गडद रंगावर पांढरट छटा आली आहे.
- भोकं पडली आहेत. ती कुठे आहेत आणि किती आहेत हे लिहून ठेवा, पुढे लागेल.
- वास जात नाही. कोरडं असताना येत नाही, अंगात घातलं की येतो. किंवा कपाटातून काढल्याबरोबर कुबट येतो.
- पांढरं किंवा फिकं थर्मल पिवळट पडलं आहे.

काखेत आणि कुशीला बारीक गोळे येणं हा धुण्याचा दोष नव्हे. आखूड तंतू घर्षणाने वर येतात आणि गोळा होतात. पहिल्या काही वापरांत ते जास्त येतात, नंतर कमी होतात. गोळे काढायच्या छोट्या मशीनने अलगद काढा, हाताने उपटू नका. उपटताना चांगला धागाही ओढला जातो.

पहिली तपासणी: ते लोकरीचं आहे का?

हिला काहीच खर्च नाही, आणि निम्मी कोडी इथेच सुटतात. आपल्या बाजारात "थर्मल" या नावाने विकलं जाणारं बरंचसं कापड कॉटन, पॉलिस्टर, व्हिस्कोस किंवा ॲक्रिलिकचं असतं. ते आटलं किंवा लोंबलं तर त्याची कारणं वेगळी, आणि खाली दिलेले लोकरीचे उपाय त्याला लागू पडत नाहीत.

आतल्या शिवणीतला टॅग वाचा. मेरिनो, वूल किंवा लोकर किती टक्के आहे ते बघा. नायलॉन किंवा इलॅस्टेन (रबरासारखा ताणला जाणारा धागा) मिसळलेलं असेल तर तेही लक्षात ठेवा, कारण इलॅस्टेन उष्णतेने मरतं आणि एकदा मेलं की कापडाचा ताण परत येत नाही. सैल झालेल्या मनगटांमागे पुष्कळदा हेच कारण असतं.

टॅग गेला असेल तर आतल्या शिवणीतून दोन बोटं लांबीचा धागा काढा, चिमट्यात धरा आणि मोरीत, पाणी जवळ ठेवून, काडी लावा. लोकर सावकाश जळते, केस जळाल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला घेतली की विझते आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर-ॲक्रिलिक वितळतं, त्याचा कडक मणी होतो आणि तो चुरत नाही. वितळलेला थेंब हाताला चिकटतो, म्हणून चिमटा हवाच. कॉटन कागदासारखं जळतं. वास केसांचा आणि शेवटी मणीही राहिला, तर कापड मिश्र आहे.

टॅगवरची चित्रंही वाचून घ्या. टबात हात म्हणजे हाताने धुवा. टबात 30 म्हणजे पाणी तीस अंशांच्या वर नको. टबाखाली एक आडवी रेघ म्हणजे मशीन हळू फिरवा, दोन रेघा म्हणजे त्याहूनही हळू. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. चौकोनात आडवी रेघ म्हणजे सपाट वाळवा. चौकोनात गोल आणि त्यावर फुली म्हणजे ड्रायर नको. टबावरच फुली असेल तर पाण्याचा विचार सोडा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

दुसरी तपासणी: खरंच आटलं, की नुसतं आखडलं?

लोकर दोन तऱ्हांनी लहान होते. एक तऱ्हा परतते, दुसरी कधीच परतत नाही. कपडा उलटा करा आणि खिडकीसमोर धरून टाके बघा. मग दोन्ही हातांनी आडवा आणि उभा हलकेच ताणा.

टाके मोकळे दिसत असतील, कापड ताणलं जात असेल आणि सोडल्यावर हळूच मागे येत असेल, तर ते आखडलं आहे. कारखान्यात विणताना आणि अंगावर वापरताना कापडाला ताण बसलेला असतो. पाण्यात तो सुटतो आणि टाके मूळ जागी येतात. यात काहीही मोडलेलं नसतं, हे पूर्ववत करता येतं. रीत खाली सातव्या तपासणीत दिली आहे.

टाके एकमेकांत मिसळून गेले असतील, कापड जाड झालं असेल, ताणलं तरी हलत नसेल, तर लोकर जमली आहे. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, कौलांसारखे एकावर एक, सगळे एकाच दिशेने. ओल्या, गरम आणि क्षारी पाण्यात ते उघडतात. त्यात कपडा चोळला किंवा घुसळला की तंतू एका दिशेने सरकतात, खवले एकमेकांत अडकतात आणि मागे फिरत नाहीत. बुरणूस याच रीतीने करतात: लोकर पसरायची, भिजवायची, दाबून लाटायची, की माग न लावता जाड कापड तयार. तिथे ते मुद्दाम केलेलं असतं. तुमच्या थर्मलचं तेच झालं असेल तर कंडिशनर, व्हिनेगर, वाफ, कशानेही विण मोकळी होत नाही. इंटरनेटवर काहीही लिहिलेलं असो, पैसे घालवू नका.

लोक विचारतात, मग माणदेशातलं घोंगडं नदीवर आपटून धुतात ते कसं चालतं? आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते. मेरिनो थर्मलचा तंतू साधारण 17 ते 19 मायक्रॉनचा, म्हणजे फार बारीक, म्हणूनच तो अंगाला टोचत नाही. बारीक मेरिनो त्या जाड लोकरीपेक्षा फार लवकर जमते. घोंगड्याचा नियम थर्मलला लावू नका.

टॅगवर "मशीन वॉशेबल" किंवा "सुपरवॉश" असेल तर खवल्यांवर प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे ते सहजी जमत नाही. पण साबण आणि उष्णता त्यालाही बाधतात.

मापाची खात्री हवी असेल तर पुढच्या वेळी धुण्याआधी कपडा खाकी कागदावर पसरून पेन्सिलीने कडा काढून ठेवा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. तो कागद नंतर वाळवतानाही उपयोगी पडतो.

तिसरी तपासणी: साबण

माझ्याकडे येणाऱ्या खराब थर्मलमध्ये सगळ्यात मोठा वाटा साबणाचा असतो, आणि घरच्यांना त्याचाच संशय सगळ्यात शेवटी येतो. "नेहमीचीच पावडर वापरली" हे उत्तर मिळालं की मला पुढचं कळतं. नेहमीची पावडर कॉटनसाठी असते. तिच्यात धुण्याचा सोडा असतो, तिचं पाणी क्षारी असतं. कॉटन क्षार सोसतं, लोकर सोसत नाही.

दुसरी गोष्ट एन्झाइमची. डाग काढणाऱ्या बऱ्याच पावडरींत आणि काही लिक्विडांतही प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. रक्त, दूध, अंड्याचे डाग त्यानेच निघतात. पण लोकर स्वतःच केरॅटिन नावाचं प्रथिन आहे, आपल्या केसांसारखं. अशा साबणात कपडा रात्रभर भिजवला तर एन्झाइम डागाबरोबर तंतूही खातं. एका धुण्यात कळत नाही. काही धुण्यांनंतर कापड विरळ होतं, उजेड आरपार येतो, आणि मग एक दिवस कुठेही न अडकता भोकं पडतात.

तिसरं ब्लीच. क्लोरीनचं ब्लीच लोकर पिवळी करतं, आणि तीव्र असेल तर अक्षरशः विरघळवतं. पांढरं थर्मल उजळावं म्हणून ब्लीचचं एक टोपणही घालू नका. "ऑक्सिजन" लिहिलेल्या डाग काढायच्या पावडरीही क्षारी असतात, त्याही बाजूला ठेवा.

तेव्हा तुमच्या डब्यावरचा मजकूर वाचा. वूल किंवा लोकरीसाठी असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते लोकरीसाठी नाही, असंच धरा. इझीसारखं लोकरीचं लिक्विड कुठल्याही किराणा दुकानात मिळतं. माप बाटलीवर दिलेलंच ठेवा. जास्त घातल्याने कपडा जास्त स्वच्छ होत नाही, उलट ते पाण्यात निघत नाही आणि अंगाला खाज आणतं.

रिठाही उत्तम. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या बायका लोकर-रेशमाला रिठ्याशिवाय हात लावत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे: रिठ्याचा फेस सौम्य असतो आणि पाणी क्षारी होत नाही. आठ-दहा रिठे बिया काढून रात्रभर तांब्याभर पाण्यात भिजवा, सकाळी कुस्करून दोनदा गाळा आणि अर्धी बादली पाण्यात मिसळा. डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं. पांढऱ्या थर्मलला मात्र रिठा टाळा, तपकिरी झाक येऊ शकते.

फॅब्रिक कंडिशनर, म्हणजे कपडे मऊ-सुगंधी करणारं औषध, लोकरीला नको. त्याचा थर तंतूवर बसतो आणि घाम टिपायचं थर्मलचं कामच अडतं. मेणचट लागणाऱ्या थर्मलमागे बहुधा हेच असतं.

चौथी तपासणी: पाणी

साबण बरोबर आहे, तरीही कपडा खरखरीत आणि पांढरट. मग पाणी बघा. साताऱ्यात कासच्या तलावाचं पाणी येणाऱ्या पेठांत ही तक्रार कमी, आणि बोअरवर असलेल्या नव्या सोसायट्यांत जास्त, असं मला दिसतं. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात. तो तंतूंत अडकतो.

तपासायला फुकटची रीत: झाकणाच्या बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा हरभऱ्याएवढा तुकडा टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आणि खाली स्वच्छ पाणी म्हणजे पाणी हलकं. फेस कमी आणि पाणी दुधट म्हणजे जड.

जड असेल तर शेवटच्या पाण्यात, बादलीला एक मोठा चमचा, पांढरं व्हिनेगर घाला. रंगीत किंवा मसाल्याचं नको. त्याने उरलेला क्षार मारला जातो, साका सुटतो आणि लोकर पुन्हा मऊ होते. वाळल्यावर व्हिनेगरचा वास राहत नाही. पावसाळ्यात पन्हळीचं पाणी मिळत असेल तर त्याहून चांगलं काही नाही. पहिल्या सरींचं पाणी छपराची धूळ घेऊन येतं, ते सोडून द्या आणि नंतरचं भरा.

पाचवी तपासणी: ऊन पाणी आणि चोळणं

बंबाचं किंवा गिझरचं पाणी विसणून घेतलं तरी आपल्याला "कोमट" वाटतं ते बहुधा अंगाच्या उष्णतेएवढं, म्हणजे सदतीस अंशांच्या आसपास असतं. लोकरीला तीस पुरे. तीस अंशांचं पाणी मनगटाला किंचित गारच लागतं. हिवाळ्यात साधं पाणी फार गार असेल तर त्यात तांब्याभर ऊन पाणी, एवढंच.

आता चोळणं. दगडावर आपटणं, ब्रश, साबणाची वडी घासणं, पिळा घालून पिळणं, सगळं बंद. काखेत मळ दिसतो म्हणून तिथेच चोळलं जातं, आणि म्हणून काखेतच कापड आधी जाड होतं. तुमच्या थर्मलला फक्त काखेत आणि गळ्याला ताठरपणा असेल तर कारण सापडलं.

धुण्याची रीत अशी. कपडा उलटा करा. बादलीत किंवा मोठ्या टबात लिक्विड आधी विरघळवून घ्या, मग कपडा बुडवा. हाताने वरून हलके दाबा आणि सोडा, आठ-दहा वेळा. दहा मिनिटं राहू द्या. पुन्हा तसंच दाबा. बाहेर काढताना एका बाहीला धरून उचलू नका, दोन्ही हातांच्या ओंजळीत गोळा करून उचला, कारण ओली लोकर पाण्याने जड आणि सुक्यापेक्षा कमकुवत असते. पहिल्या पाण्याइतक्याच उष्णतेच्या पाण्यात दोनदा-तीनदा विसळा.

मशीनचं म्हणाल तर, समोरून दार असलेल्या मशीनमध्ये "वूल" प्रोग्रॅम असेल तर जाळीच्या पिशवीत घालून लावा. दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये धुऊ नका. तळाची चकती कपडा घुसळते, बुरणूस करायला तेवढं पुरतं. पण त्याच मशीनचा पिळायचा छोटा टब वापरायला माझी हरकत नाही. लोकांना याचं आश्चर्य वाटतं. तिथे कपडा भिंतीला चिकटून फिरतो, घासला जात नाही. जाळीच्या पिशवीत गुंडाळून अर्धा ते एक मिनिट फिरवा, हाताने पिळण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित.

आणि दर वापरानंतर धुऊ नका. लोकर घामाचा वास पटकन धरत नाही. रात्रभर खिडकीजवळ पसरलेलं थर्मल सकाळी पुष्कळदा पुन्हा घालण्याजोगं असतं.

सहावी तपासणी: वाळवणं

इथे मी जास्त थांबते, कारण धुण्यात सगळं नीट करून माणसं वाळवताना कपडा घालवतात.

लोंबलेल्या बाह्या, सैल गळा, खांद्यावर चिमट्यांची टोकं: हे सगळं तारेवर टांगल्याने होतं. पाण्याचं वजन खाली ओढतं आणि टाके लांबट होऊन तसेच वाळतात. हँगरवर तर तारेहून वाईट. लोकर सपाट वाळवायची.

कोरडा मोठा टॉवेल किंवा पंचा पसरा, त्यावर थर्मल ठेवा, दोन्ही मिळून गुंडाळी करा आणि गुंडाळीवर तळहातांनी भार द्या. गुंडाळी पिळू नका. टॉवेल ओला झाला की दुसरा घ्या. यातच निम्मं पाणी जातं. मग मूळ आकारात पसरा. खाकी कागदावरची खूण असेल तर मापं ताडून बघा आणि बाह्या, कंबर, गळा हाताने सारखे करा.

पसरायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे दोरीची किंवा नवारीची बाज. वर स्वच्छ सुती पंचा टाकायचा. खालूनही हवा लागते, आणि फरशीवर पसरलेलं थर्मल जिथे खालून ओलं राहतं तिथे बाजेवरचं दोन्हीकडून सारखं सुकतं. बाज नसेल तर प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्यांवर जाळीची चौकट किंवा जुना खिडकीचा पडदा ताणून बांधा. अर्ध्या वाटेवर एकदा उलटवा.

सावली हवी. आपल्याकडे एप्रिल-मेचं ऊन गच्चीवर काही तासांत थर्मल वाळवतं खरं, पण कडक ऊन लोकर पिवळी आणि ठिसूळ करतं. पांढरं थर्मल पिवळट पडलं असेल आणि ब्लीच लागलेलं नसेल, तर गच्चीचा संशय घ्या. ओलं पांढरं थर्मल उन्हात जास्त पिवळं पडतं.

पावसाळ्यात उलट अडचण. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. साताऱ्यात त्या मानाने फार कमी, पण जुलै-ऑगस्टमध्ये हवा इथेही दमटच. घरात वाळायला दोन दिवस लागू शकतात. पंखा चालू ठेवा, दार-खिडकीचा वारा आरपार खेळू द्या. गॅसच्या शेगडीवर धरणं, हीटरसमोर ठेवणं, फ्रिजच्या मागच्या गरम जाळीवर टाकणं नको. शेगडीजवळ लोकर करपते आणि स्वयंपाकाचा वासही धरते. ओलं थर्मल इस्त्रीने वाळवणं तर मुळीच नको.

लोकर फसवते ती इथे. ती आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते. "वाळलंय" म्हणून घडी घातली, बंद कपाटात ठेवली, आणि पंधरा दिवसांनी कुबट वास. खात्रीची रीत स्वयंपाकघरातल्या काट्याची आहे: धुण्याआधी कोरड्या थर्मलचं वजन लिहून ठेवा आणि वाळल्यावर पुन्हा करा. पावसाळी हवेत थोडं जास्त भरेल, पण फरक मोठा असेल तर अजून ओलं आहे. काटा नसेल तर काखेची आणि कंबरेची जाड शिवण गालाला लावा. गार लागली तर ओलावा आहे.

वासाबद्दल इथेच सांगते. ओल्या लोकरीला येणारा मेंढीचा वास दोष नव्हे, वाळला की जातो. कुबट वास आला तर आधी फक्त पूर्ण वाळवा आणि वारा द्या. बऱ्याचदा तेवढ्याने जातो. अंगात घातल्यावर काखेतून येणारा वास म्हणजे घामाचं तेल आणि साबण तिथे साचले आहेत. पाच लिटर गार पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर, वीस मिनिटं बुडवून, मग नेहमीसारखं धुणं. डिओड्रंटचा फवारा लोकरीवर मारू नका.

भोकं असतील तर: कुणी पाडली?

जागा बघा. पोटावर, पट्ट्याच्या बकलापाशी किंवा सॅकच्या कंबरपट्ट्याखाली बारीक भोकं असतील तर ती घर्षणाने पडली आहेत. धुण्याचा संबंध नाही, थर्मलवरून थेट पट्टा बांधू नका.

कापड सगळीकडे विरळ आणि भोकं विखुरलेली असतील तर साबण किंवा ब्लीच, म्हणजे तिसरी तपासणी.

घडीच्या आत, काखेत, डागांच्या जागी वेड्यावाकड्या कडेची भोकं, जवळ वाळूसारखे कण किंवा रेशमी जाळं असेल, तर कसर लागली आहे. उडणारा पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते, आणि तिला घाम-अन्नाचे डाग असलेली लोकर जास्त आवडते. म्हणून थंडी सरल्यावर न धुता ठेवलेलं थर्मलच आधी जातं. असा कपडा पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे अठरा अंशांपर्यंत जाणाऱ्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी सामान्य तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर कापडावर दव धरतं. कपाट पूर्ण रिकामं करून सांधीकोपरे झाडा, शेजारचे शाल-स्वेटरही तपासा. कडुनिंबाच्या पाल्याने अळी मरेल यावर भिस्त ठेवू नका. डांबरगोळ्या वापरणार असाल तर कपड्याला चिकटून नकोत आणि लहान मुलांच्या हाताला लागतील अशा तर नकोतच.

सातवी तपासणी: आखडलेलं किंवा लोंबलेलं थर्मल जागेवर आणणं

दुसऱ्या तपासणीत टाके मोकळे दिसले असतील तरच हे करा. वेळ लागतो, म्हणून शेवटी ठेवलं आहे.

टबात तीस अंशांचं पाणी, त्यात दोन चमचे केसांचं साधं कंडिशनर विरघळवा. लोकर केरॅटिनची, त्यामुळे केस निसरडे करणारं कंडिशनर तिचे तंतूही तात्पुरते निसरडे करतं आणि टाके सरकायला मोकळे होतात. अर्धा तास बुडवून ठेवा, दाबून पाणी काढा, टॉवेलात गुंडाळा. मग सपाट पसरून मधून कडांकडे, थोडं थोडं, सगळीकडून सारखं ताणा. एका बाहीला धरून खेचलं तर शिवण उसवते. खाकी कागदाच्या खुणेपर्यंत आलं की कडांना न गंजणाऱ्या टाचण्या लावा आणि तसंच वाळू द्या. वाळल्यावर एकदा नुसत्या पाण्यात खळबळून घ्या, कंडिशनर कपड्यात राहायला नको.

लोंबलेल्याला उलट: नुसतं भिजवा, टॉवेलात दाबा, पसरताना हातांनी टाके आत लोटून मापात आणा. मनगटाचं इलॅस्टेन मेलेलं असेल तर ते घट्ट होणार नाही, तिथे नवीन रिब, म्हणजे ताणली जाणारी विणलेली पट्टी, लावून घ्यावी लागते.

एकदा केल्यावर फरक पडला नाही तर पुन्हा करू नका.

इथे थांबा आणि जाणत्याकडे द्या

टॅगवर टबाला फुली असेल. पाण्यात रंग सुटायला लागला असेल. तेल, डांबर किंवा शाईचा डाग असेल. काळे-हिरवे बुरशीचे ठिपके असतील. लोकर-रेशीम मिश्रण असेल. भोकाच्या कडेने धागा शिडीसारखा उसवत चालला असेल. यातल्या कशालाही घरी हात लावू नका. उसवणाऱ्या टाक्याला त्याच रंगाच्या दोऱ्याने एक सैल टाका घालून तेवढं थांबवा आणि रफूगाराकडे न्या. बारीक भोक आठवडाभरात रफू केलं तर शोधूनही सापडत नाही. तेच भोक दोन धुण्यांनंतर आणलं तर ठिगळ लावावं लागतं.

लॉन्ड्रीत देताना टॅग दाखवा आणि आधी काय काय लावलं ते स्पष्ट सांगा: कोणती पावडर, किती वेळ भिजवलं, ब्लीच लागलं का. लपवलं तर समोरचा चुकीचं रसायन लावेल. टॅगवर गोलात "पी" किंवा "एफ" असेल तरच ड्राय क्लीन करायला सांगा. "दाबून इस्त्री नको" हेही बजावून सांगा. तुमच्या लॉन्ड्रीवाल्याने "गरम पाण्यात टाकून बघतो" म्हटलं तर कपडा परत घ्या.

आणि पूर्ण जमलेलं, बुरणूस झालेलं थर्मल माझ्याकडे आणलं तरी मी ते मूळ मापाला आणू शकत नाही, कुणीच आणू शकत नाही. टाकू मात्र नका. जमलेली लोकर कापली तरी उसवत नाही. बाह्यांचे गुडघ्याला घालायचे पट्टे होतात, पाठीच्या तुकड्यातून बुटात घालायचे दोन जोड तळवे निघतात, आणि सरळ कापलेल्या कडेला शिवणसुद्धा लागत नाही.